मदत हवी आहे: जाहिरातींचा आवाज, ताणलेले चेहरे, अर्धवट रेकॉर्डिंग – यातलं घरी काय सुधारता येईल?

माजघर
घरातली ज्येष्ठ मंडळी संध्याकाळी मराठी मालिका आणि दुपारी जुने चित्रपट पाहतात. ४३ इंची स्मार्ट टीव्ही, डीटीएचचा रेकॉर्डिंग होणारा एचडी बॉक्स (एचडीएमआय केबलने जोडलेला) आणि टीव्हीला ऑप्टिकल केबलने जोडलेला साउंडबार अशी मांडणी आहे.

मालिकेतले संवाद ऐकू यावेत म्हणून आवाज वाढवला की जाहिरात लागताच तो अंगावर येतो. काही वाहिन्यांवर माणसं बुटकी नि रुंद दिसतात, तर काहींवर खालच्या पट्टीतली अक्षरं अर्धी कापली जातात. रेकॉर्डिंगमध्ये भागाचा शेवटचा प्रसंग हमखास तुटतो. शिवाय ऐन प्रसंगात चित्र आक्रसून कडेला नि खाली जाहिरात येते. यातलं सेटिंगने काय सुटेल, आणि जे सुटणार नाही त्याची तक्रार कुठे करायची?

लंबक
सेटिंगला हात लावण्याआधी दोष कोणत्या टप्प्यावर आहे ते ठरवा. वाहिनी, डीटीएच किंवा केबल कंपनी, बॉक्स आणि टीव्ही असे चार टप्पे आहेत. तीच वाहिनी त्याच वेळी मोबाइलवरच्या अ‍ॅपवर किंवा शेजाऱ्यांच्या वेगळ्या कंपनीच्या जोडणीवर पाहा. अ‍ॅप थोडं मागे असतं, तेवढी वाट पाहा. दोष तिकडेही असेल तर तो वाहिनीचा, तिकडे नसेल तर तुमच्या कंपनीचा किंवा घरातला. मग एचडीएमआय काढून टीव्हीवर थेट यूट्यूब लावा. तिथे चित्र नीट दिसलं तर टीव्ही बहुधा ठीक आहे, बॉक्सकडे वळा. मात्र बहुतेक टीव्हींत प्रत्येक इनपुटचं पिक्चर साइज वेगळं साठवलं जातं, त्यामुळे एचडीएमआयचं सेटिंग स्वतंत्र तपासावं लागेल.

खर्जातला_सा
आवाजाचं सांगतो. जाहिरातीचा कमाल आवाज मालिकेच्या कमाल आवाजापेक्षा जास्त असेलच असं नाही. डिजिटल ध्वनीला वरची मर्यादा असते आणि दोघंही तिच्याखालीच असतात. फरक सरासरीत पडतो. मालिकेत कुजबुज, शांतता, मग एखादी किंकाळी असते. जाहिरातीत कॉम्प्रेशन करून बारीक आवाजसुद्धा वर उचललेले असतात, त्यामुळे तीसच्या तीस सेकंद ती मर्यादेला चिकटून राहते. कानाला सरासरी जाणवते. म्हणूनच युरोपात तिथल्या प्रसारण संघाच्या (ईबीयू) आर १२८ या शिफारशीत सरासरी पातळी उणे २३ एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) ठरवली आहे. अमेरिकेत यासाठी खास कायदा असून तो १३ डिसेंबर २०१२ पासून अमलात आहे.

घरी करायचं ते असं. टीव्हीत ऑटो व्हॉल्यूम शोधा. सॅमसंगमध्ये ते साउंडच्या एक्सपर्ट सेटिंग्जमध्ये असतं, सोनीत अ‍ॅडव्हान्स्ड ऑटो व्हॉल्यूम नावाने, एलजीतही साउंडच्या मेनूत. मॉडेलप्रमाणे नाव थोडं बदलेल. नॉर्मल आणि नाइट असे दोन पर्याय असतील तर नॉर्मलपासून सुरुवात करा. नाइट फार दाबतो. जाहिरात संपून मालिका सुरू झाली की पहिले दोन-तीन शब्द बुडतात आणि संवादांच्या मधल्या शांततेत पार्श्वसंगीत फुगून वर येतं. असं ऐकू आलं तर नाइट बंद करा.

तुमची खरी अडचण ऑप्टिकल केबलची आहे. बॉक्सचा ऑडिओ आउटपुट डॉल्बीवर (सांकेतिक रूपात बांधलेल्या ध्वनीवर) असेल तर टीव्ही तो प्रवाह न उलगडता साउंडबारकडे ढकलतो आणि टीव्हीचं ऑटो व्हॉल्यूम त्याला लागूच होत नाही. बॉक्समध्ये ऑडिओ आउटपुट ‘पीसीएम’ (उलगडलेला साधा ध्वनी) किंवा ‘स्टिरिओ’ करा आणि टीव्हीत डिजिटल आउटपुटही पीसीएम ठेवा. तरीही काही टीव्हींत बाहेरचा स्पीकर निवडला की ऑटो व्हॉल्यूमचा पर्याय करडा होतो. मग साउंडबारच्या रिमोटवरचं नाइट बटण वापरा. काही साउंडबारचं नाइट फक्त डॉल्बीवर चालतं, तसं असेल तर बॉक्स परत डॉल्बीवर न्या. दोन्हीपैकी जो मार्ग लागू पडेल तो एकच ठेवा. टीव्हीचं आणि साउंडबारचं दाबणं एकदम चालू ठेवलं तर संवाद बोथट होतात.

अजून एक. सराउंड, मूव्ही, स्टेडियम असले साउंड मोड बंद करून स्टँडर्ड किंवा क्लिअर व्हॉइस निवडा. संवाद स्पष्ट झाले की मुळात आवाज वाढवावाच लागत नाही, आणि जाहिरातीचा धक्का तिथेच निम्मा होतो. ज्येष्ठांसाठी मला हा बदल ऑटो व्हॉल्यूमपेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

चौकट_बत्तीस
चित्राचं निदान मोजपट्टीने करा. पडद्यावर एखादा पूर्ण गोल येऊ द्या: भिंतीवरचं घड्याळ समोरून दाखवलेलं असेल तर उत्तम. उंची आणि रुंदी मोजा. ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचं) चित्र १६:९ मध्ये (आजच्या रुंद पडद्यात) ताणलं की रुंदी बरोबर एकतृतीयांशाने वाढते, म्हणजे ९ सेंमी उंच गोल १२ सेंमी रुंद दिसतो. हा आकडा आला तर दुसरं कारण शोधत बसू नका.

ताण दोन ठिकाणी पडू शकतो. आधी बॉक्समध्ये टीव्हीचा आकार १६:९ निवडा. मग ४:३ चित्राचं काय करायचं असा वेगळा पर्याय असतो, त्यात पिलरबॉक्स (दोन्ही कडांना काळ्या पट्ट्या ठेवून मूळ आकार), ओरिजिनल किंवा ऑटो निवडा. फुल किंवा स्ट्रेच नको. मग टीव्हीत एचडीएमआय इनपुटवर पिक्चर साइज १६:९ ठेवा. झूम किंवा वाइड नको. एचडी बॉक्स बहुधा सगळ्याच वाहिन्या १०८०आयमध्ये (एचडीचा एक प्रकार) वर चढवून पाठवतो. टीव्हीपर्यंत पोचणारं चित्र मग कायम १६:९ च असतं, मूळ चित्र ४:३ होतं हे टीव्हीला कळायला मार्ग उरत नाही. म्हणून हे बॉक्समध्येच सुटलं पाहिजे.

हे करूनही जुन्या कृष्णधवल चित्रपटांत चेहरे रुंद दिसत असतील तर वाहिनीनेच ते ताणून पाठवलेत. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे आपले चित्रपट जवळपास चौकोनी चौकटीत चित्रित झालेले आहेत. ते पडदाभर पसरवणं हा कॅमेरामनवर अन्याय आहे आणि पाहणाऱ्याचंही नुकसान आहे. तेवढ्या चित्रपटापुरतं टीव्हीचं पिक्चर साइज ४:३ करा, चेहरे जागेवर येतील. संपल्यावर परत १६:९. वाहिनीने ताणण्याऐवजी वरून-खालून कापलं असेल तर मात्र गेलेला भाग परत येत नाही.

कापलेल्या अक्षरांचं कारण ओव्हरस्कॅन. टीव्ही चित्र किंचित मोठं करून चारही कडा चौकटीबाहेर घालवतो. एलजीत जस्ट स्कॅन, सॅमसंगमध्ये फिट टू स्क्रीन, सोनीत फुल पिक्सेल निवडा.

तिन्हीसांज
रेकॉर्डिंग. बॉक्स कार्यक्रम ओळखत नाही, तो घड्याळ पाहतो. गाइडमधल्या (पडद्यावरच्या कार्यक्रमांच्या यादीतल्या) वेळा वाहिनीने आधी कळवलेल्या असतात आणि प्रत्यक्षात भाग दोन-चार मिनिटं इकडेतिकडे होतो. आठचा भाग आठ वाजून तेहतीसला संपला तर साडेआठला थांबलेल्या रेकॉर्डिंगमध्ये शेवट नसणारच. मालिकेचा कळीचा प्रसंग नेमका शेवटी ठेवतात, म्हणून ते जास्त खटकतं.

बॉक्समध्ये पॅडिंग (ठरल्या वेळेच्या आधी-नंतर जादा रेकॉर्डिंग) असेल तर आधी २ आणि नंतर ५ मिनिटं द्या. नसेल तर गाइडवरून न करता वेळेवरून मॅन्युअल रेकॉर्डिंग लावा: ७:५८ ते ८:३५, सोमवार ते शनिवार. यात दुसरा फायदा आहे. सीरिज रेकॉर्डिंग बऱ्याच बॉक्समध्ये गाइडमधल्या नोंदीवर चालतं, त्यामुळे नाव जरा बदललं की सुटतं. वेळेवरचं सुटत नाही. रविवारचा महाएपिसोड मात्र वेगळा लावावा लागेल.

त्याच वाहिनीवर लागोपाठ दोन मालिका हव्या असतील तर दोन रेकॉर्डिंग लावू नका. पॅडिंग एकमेकांवर चढतं आणि बॉक्स एक नाकारतो. ७:५८ ते ९:०५ असं एकच करा. जागेचा अंदाज: ८ एमबीपीएसची एचडी वाहिनी तासाला सुमारे ३.६ जीबी घेते, ३ एमबीपीएसची एसडी सुमारे १.३५ जीबी. ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर एचडीचे आठ तास धरा. पेनड्राइव्ह लावताना बॉक्स फॉरमॅट मागतो आणि त्यातलं सगळं पुसलं जातं, म्हणून फोटो असलेला वापरू नका. रेकॉर्डिंग एनक्रिप्टेड असतं, लॅपटॉपवर चालणार नाही. आणि बॉक्स भिंतीवरच्या बटणाने बंद करू नये, स्टँडबायवर ठेवावा. रेकॉर्डिंग अजिबातच न होण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण.

कलम_सात
पट्ट्यांचं आणि तक्रारीचं. खालच्या आडव्या पट्टीला अ‍ॅस्टन म्हणतात, चित्र आक्रसून कडेला नि खाली येते ती एल-बँड. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ चा नियम ७ म्हणजे जाहिरात संहिता. तिच्या उपनियम १० नुसार जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी ओळखू आली पाहिजे आणि पडद्याच्या खालच्या भागात स्थिर किंवा सरकता मजकूर दाखवून तिने कार्यक्रमात व्यत्यय आणता कामा नये. उपनियम ६ म्हणतो की जाहिरातीचं चित्र आणि आवाज अवाजवी भडक नसावेत. यात पातळीचा आकडा नाही, म्हणून आवाजाची तक्रार मोजून सिद्ध करणं कठीण जातं. तो आकडा नियमात यायलाच हवा असं माझं ठाम मत आहे. उपनियम ११ मध्ये मर्यादा आहे: तासाला १२ मिनिटं, त्यात १० मिनिटं जाहिराती आणि २ मिनिटं वाहिनीचे स्वतःचे प्रोमो. दूरसंचार नियामक ट्रायनेही २०१२ मध्ये १२ मिनिटांचं विनियमन काढलं. २०१३ मध्ये वाहिन्यांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि सक्तीच्या कारवाईपासून त्यांना संरक्षण मिळालं, म्हणून फक्त मिनिटांच्या मुद्द्यावर झटपट निकालाची आशा धरू नका. पट्टीचा मुद्दा अधिक सरळ आहे.

२०२१ च्या दुरुस्तीनुसार तक्रार आधी वाहिनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी करायची. पोच २४ तासांत, निर्णय १५ दिवसांत. निर्णय आला नाही किंवा पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वयंनियामक संस्थेकडे अपील. ‘फार जाहिराती असतात’ असं मोघम लिहू नका. वाहिनी, कार्यक्रम, तारीख, पट्टी आली आणि गेली ती वेळ, डीटीएच कंपनी आणि उपनियमाचा क्रमांक लिहा, सोबत पडद्याचा फोटो जोडा.

माजघर
सर्वांचे आभार. गोल मोजला, एकतृतीयांशच रुंद होता. बॉक्स स्ट्रेचवर होता, पिलरबॉक्स केल्यावर सुधारला. पीसीएम केल्यावर ऑटो व्हॉल्यूम लागू झालं. शंका अशी की एका वाहिनीवरची पट्टी आमच्याकडे आणि अ‍ॅपवर दोन्हीकडे दिसते, पण गावातल्या घरी केबलवर त्याच वाहिनीवर स्थानिक दुकानांची वेगळीच पट्टी असते. तिची तक्रार कोणाकडे?

कलम_सात
पहिली पट्टी वाहिनीची, ती वर सांगितल्याप्रमाणे. दुसरी केबलवाल्याने चढवलेली असणार, तिच्यासाठी वाहिनीला लिहून उपयोग नाही. आधी केबल ऑपरेटरला आणि त्याला सिग्नल देणाऱ्या मोठ्या कंपनीला लेखी द्या, तक्रार क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर १९९५ च्या केबल कायद्यात जिल्हाधिकारी, प्रांत आणि पोलीस आयुक्त हे प्राधिकृत अधिकारी आहेत. गावासाठी प्रांत कार्यालयात अर्ज द्या. केबलवरचा फोटो आणि त्याच मिनिटाचा अ‍ॅपवरचा फोटो शेजारी शेजारी छापून जोडा.

खर्जातला_सा
@माजघर, पीसीएम केल्यावर ओठ आणि आवाज जुळतात का तेही पाहून घ्या. बातम्यांत निवेदकाचा चेहरा जवळून दिसतो तेव्हा चटकन कळतं. आवाज मागे पडत असेल तर टीव्हीतला ऑडिओ डिले आधी शून्यावर आणा. आवाज पुढे पळत असेल तर तोच २० मिलिसेकंदांच्या टप्प्यांनी वाढवत न्या.