ऐकू येणारा एकच कान, आणि त्याच कानाचा पडदा फाटलेला: ऑपरेशन करावं का?

नमस्कार. प्रश्न माझ्या ताईचा आहे. लहानपणी गालगुंड झाले तेव्हा तिचा डावा कान कायमचा गेला. सगळी भिस्त उजव्या कानावर, आणि तोच कित्येक वर्षं वाहतोय. सर्दी झाली किंवा डोक्यावरून पाणी घेताना थोडं आत गेलं की पू सुरू. सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे थेंब घातले की कोरडा होतो, पुढच्या सर्दीला पुन्हा तेच.

पडद्याला मधोमध मोठं छिद्र आहे, कडा शाबूत आहेत. सीटी स्कॅनमध्ये हाड कुरतडलेलं नाही, कोलेस्टिॲटोमाही (कानाच्या आत वाढून हाड खाणारी कातडीची गाठ) नाही. ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीत) आवाज हवेतून दिला तर ४५ डेसिबलपासून ऐकू येतं आणि कानामागच्या हाडातून दिला तर १५ पासूनच, म्हणजे आतली नस चांगली आहे. नेहमीचं श्रवणयंत्र लावून पाहिलं, पण साच्याने कान बंद होऊन आत दमट राहतं आणि कान लगेच वाहायला लागतो.

एक डॉक्टर म्हणतात, कान कोरडा आहे तोवर टिम्पॅनोप्लास्टी करून घ्या. कानाच्या वरच्या स्नायूचं पातळ आवरण किंवा कानाच्या तोंडाशी असलेली कूर्चा घेऊन पडदा बसवता येईल. वर्षानुवर्षं वाहत राहिला तर नसही कमजोर होऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या डॉक्टर सांगतात, कोलेस्टिॲटोमा असता तर करावंच लागलं असतं, पण यात जिवाला धोका नाही. ऑपरेशनमध्ये आतल्या कानाला इजा होऊन ऐकणं जायची शक्यता फार कमी असली तरी शून्य नाही, आणि हिच्याकडे दुसरा कान नाही. त्यांच्या मते कानामागच्या हाडाला कंपनं देणारं यंत्र आधी डोक्याला बांधायच्या पट्ट्यावर लावून बघावं. कान उघडा राहील आणि हाडातून ऐकू येतंय त्याचा फायदा मिळेल.

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. पण यंत्राने पू थांबणार नाही, आणि ताई त्या वाहण्यालाच कंटाळली आहे. चारचौघांत जवळ कोणी बसलं की वास येत असेल या धास्तीने ती हळूच सरकून बसते.

एकाच ऐकत्या कानावर हे ऑपरेशन कोणी करून घेतलंय का? पडदा टिकला का, ऐकण्यात किती फरक पडला? कूर्चा वापरली असेल तर आवाज दबल्यासारखा वाटतो का? हाडावरचं यंत्र वापरणाऱ्यांनीही जरूर लिहा, विशेषतः गर्दीत बोलणं कळतं का ते.

आणखी एक, जे डॉक्टरांना विचारायचं राहून जातं. ऑपरेशननंतर काही आठवडे कानात पॅकिंग असणार, म्हणजे तेवढे दिवस ताईला जवळपास काहीच ऐकू येणार नाही. घरात तान्हं बाळ आहे. आत्ता ती रात्री डाव्या कुशीवर झोपते, उजवा कान वर ठेवून, बाळ कुरकुरलं तरी उठते. त्या दिवसांत कोणी काय सोय केली होती? बाळ रडलं की उशीखाली थरथरणारी घंटा मिळते असं ऐकलंय, ती खरंच जाग आणते का?

रिपोर्ट माझ्याकडे आहेत. आणखी काही आकडे लागले तर विचारा, लगेच देते.