हॅलोवीनचे जेलो शॉट्स : प्रमाण, साचे आणि जेली का फसते

३१ ऑक्टोबर जवळ आलाय. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांतूनही आता हॅलोवीनची पार्टी होते आणि मोठ्यांच्या टेबलावर जेलो शॉट्स, म्हणजे जेलो या गोड जेली-पावडरीत दारू घालून छोट्या कपांत जमवलेली जेली, असतातच. डोळे, गांडुळं, रक्ताच्या सिरिंजा, जे जे करून पाहिलं असेल ते आपापल्या टोपणनावाने इथे लिहा. फक्त एक विनंती: ‘अंदाजे’ आणि ‘चवीनुसार’ नको. वाटीचं, पाकिटाचं, मिनिटांचं प्रमाण द्या आणि फसलं तर का फसलं तेही लिहा.

सुरुवात पायापासून. ८५ ग्रॅमचं जेलोचं पाकीट, १ कप (२४० मिली) उकळतं पाणी, अर्धा कप गार पाणी, अर्धा कप व्होडका. पावडर उकळत्या पाण्यात पूर्ण २ मिनिटं ढवळायची. चमच्याच्या पाठीवर एकही कण दिसला नाही की मगच गार पाणी आणि शेवटी व्होडका. फ्रीजमध्ये ४ तास. ३० मिलीचे १६ कप होतात.

कोथिंबीर
वरचं प्रमाण प्लॅस्टिकच्या छोट्या कपांना ठीक आहे, पण साच्यातून काढून ताटात उभं करायचं असेल तर ते लिबलिबीत पडतं. साच्यासाठी त्याच पाकिटाला ७ ग्रॅमची एक पुडी बिनचवीचं जिलेटिन जोडा. ते आधी त्या अर्ध्या कप गार पाण्यावर सगळीकडे सारखं भुरभुरवा आणि ५ मिनिटं फुगू द्या. एकाच जागी ओतलं तर वरचा थर फुगतो, आत कोरडी गुठळी राहते आणि ती नंतर कितीही ढवळली तरी विरघळत नाही. फुगलेल्या जिलेटिनवर उकळतं पाणी आणि जेलो घाला, पण ते मिश्रण पुन्हा गॅसवर उकळू नका. उकळलं की जिलेटिनची पकड कमी होते.

आणि व्होडका वाढवण्याचा मोह टाळा. अल्कोहोल जास्त झालं की जेली नीट धरतच नाही.

पिंपळपान
डोळे. अर्धगोल सिलिकॉन साचा आधी ट्रेवर ठेवा, मग भरा. भरलेला साचा उचलायला गेलं की तो वाकतो आणि सगळं सांडतं.

साच्याचा तळ म्हणजे डोळ्याची पुढची बाजू, म्हणून बुबुळ आधी. ब्लूबेरीचा अर्धा तुकडा, गोल बाजू खाली. त्यावर निळी किंवा हिरवी जेली फक्त १ चहाचा चमचा. जास्त ओतली तर ब्लूबेरी तरंगून बाजूला सरकते आणि डोळा तिरळा होतो. २० मिनिटं फ्रीजमध्ये.

पांढरा भाग: २ पुड्या जिलेटिन अर्धा कप गार पाण्यात फुगवून त्यावर १ कप उकळतं पाणी, मग २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि कोमट झाल्यावर अर्धा कप नारळाची रम. ओतायच्या आधी खालचा थर बोटाने दाबून बघा. बोट चिकटलं पाहिजे, पण जेली बोटाला लागून वर येता कामा नये. पार घट्ट झालेल्या थरावर दुसरा थर धरत नाही, काढताना बुबुळ वेगळं आणि डोळा वेगळा होतो. पांढरं मिश्रण गरम असेल तर उलट होतं: खालचा रंग वितळून दुधात निळे ढग उठतात. अंगाला लावलं तर ना गार ना गरम, एवढंच हवं.

लाल शिरा टूथपिकने जेल कलरच्या काढायच्या, त्याही अगदी वाढायच्या आधी. रात्रीच काढून ठेवल्या तर सकाळपर्यंत रंग पसरून डोळा गुलाबी होतो.

झुंजुरका
गांडुळांसाठी वाकणारे स्ट्रॉ घ्या आणि प्रत्येकाचा पन्हाळीचा भाग पूर्ण ताणून लांब करा, वळ्या तिथेच उमटतात. उंच, अरुंद डब्यात ते इतके घट्ट उभे करा की एकही हलणार नाही. फटी राहिल्या की अर्धं मिश्रण बाहेरच जमतं.

रास्पबेरी जेलोची २ पाकिटं, अर्धा कप गार पाण्यात फुगवलेल्या जिलेटिनच्या २ पुड्या, २ कप उकळतं पाणी. कोमट झालं की अर्धा कप व्होडका, पाऊण कप क्रीम आणि हिरव्या रंगाचे साधारण १५ थेंब. लाल आणि हिरवा मिळून मातकट तपकिरी येतो, क्रीममुळे तो गढूळ होतो. रात्रभर फ्रीजमध्ये. काढताना चार-पाच स्ट्रॉ कोमट पाण्याच्या धारेखाली २-३ सेकंद धरा आणि वरच्या टोकापासून चिमटीत दाबत या. गांडूळ पुढे सरकत बाहेर येतं, अंगावर बारीक वळ्या, ओलसर चमक, आणि ताटात पडलं की आपोआप वळतं. खाली मातीसाठी चॉकलेट बिस्किटांचा चुरा, पण तो ऐनवेळी, नाहीतर चिखल होतो.

निळीशाई
काळ्या प्रकाशात (ब्लॅक लाइट, म्हणजे अतिनील दिव्याखाली) चमकणारी जेली: टॉनिक वॉटरमधलं क्विनाइन अतिनील प्रकाशात निळं उजळतं. साध्या पाण्याच्या जागी सगळं टॉनिक वापरा. १ कप उकळून, अर्धा कप गार, अर्धा कप व्होडका, लाइम जेलो आणि २ मोठे चमचे साखर, कारण कडवटपणा चांगलाच जाणवतो. टॉनिक उकळताना फसफसतं, मोठं पातेलं घ्या. लाल किंवा जांभळ्या जेलीत हे दिसत नाही, रंगच प्रकाश गिळतो. सर्वात सुंदर उजळते ती बिनरंगी जिलेटिनची.

पिंपळपान
अननसाच्या रसाची कोणी केली आहे का? ताज्या रसाची दोनदा सेट झालीच नाही.

कोथिंबीर
होणारच नाही. ताजं अननस, किवी, पपई, आलं यांतली एन्झाइम्स जिलेटिनचं प्रथिन तोडतात. डब्यातला अननस चालतो, तो आधीच तापवलेला असतो. चायना ग्रासला (म्हणजे अगर) मात्र ताजा रसही चालतो, कारण ते प्रथिन नाही.

उंबरठा
चायना ग्रासचं लिहितो, कारण जिलेटिन जनावराच्या हाडा-कातड्याचं असतं आणि शाकाहारी पाहुण्यांना ते आधी सांगायलाच हवं. ३०० मिली रसात ४ ग्रॅम अगर पावडर, ढवळत २ मिनिटं उकळायचं. फक्त गरम करून भागत नाही, विरघळलं नाही तर तळाशी रेतीसारखं बसतं. गॅस बंद करून १०० मिली व्होडका, घरच्या तापमानाची. फ्रीझरमधली ओतली की जागच्या जागी गुठळ्या होतात. लिंबाचा रसही उकळल्यानंतरच. पोत वेगळा येतो: डुगडुगत नाही, दाताखाली कटकन तुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पाणी सुटतं, म्हणून त्याच दिवशी करा. पुण्या-मुंबईच्या ऑक्टोबर उन्हाळ्यात पार्टी असेल तर हेच घ्या. जिलेटिन ताटात पाझरू लागतं, अगर ८० अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही.

झुंजुरका
हिशोब सांगून ठेवते. अर्धा कप ४० टक्के व्होडका म्हणजे साधारण ३८ ग्रॅम अल्कोहोल. अमेरिकेत एक ड्रिंक १४ ग्रॅमचं धरतात, म्हणजे १६ कपांत पावणेतीन ड्रिंक्स, एका कपात एक षष्ठांश. कमी वाटतं, पण गोड असल्याने सहा कप सहज जातात. ट्रेवर ही संख्या लिहून ठेवा.

आणि मुलांचा ट्रे दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या रंगाचा, दुसऱ्या आकाराचा. डोळे मोठ्यांना तर मुलांना भोपळे. चिठ्ठी पुरत नाही, चार वर्षांच्या पोराला वाचता येत नाही.

निळीशाई
काळ्या रंगासाठी कोळशाची पावडर नको, ती औषधं शोषून घेते आणि कोण काय गोळ्या घेतंय ते आपल्याला माहीत नसतं. धुरासाठी ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) आणला तर तो मोठ्या परातीत, कप वर जाळीवर. कपात कधीच नाही. खोलीची खिडकी उघडी ठेवा.

पिंपळपान
साच्यातून सुटत नसेल तर तळ कोमट पाण्यात ५ ते १० सेकंद धरा, कडा बोटाने सोडवा आणि ओल्या ताटावर उलटा करा. ताट ओलं असलं की डोळा वाकडा पडला तरी सरकवून सरळ करता येतो.