नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येतायत, पण तपासणार कोण?

गुहागरकर
१४ जून २०२५ ला मुंबईत पाच परदेशी संस्थांना कॅम्पस काढायची इरादापत्रं (तत्त्वतः परवानगी) मिळाली. यॉर्क, अ‍ॅबरडीन, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय टेक आणि इटलीची डिझाइन शिकवणारी आयईडी. कॅम्पस नवी मुंबईत, म्हणजे आमच्या पोरांना एका रात्रीच्या एसटीवर. पालक आत्तापासूनच विचारायला लागलेत. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांत जागतिक क्रमवारीत, एकूण किंवा विषयवार, पहिल्या ५०० त असण्याची किंवा एखाद्या क्षेत्रात खास प्रावीण्य असण्याची अट आहे, फी संस्थेने ठरवायची. पण तो क्रमांक मूळ विद्यापीठाचा. इथल्या वर्गात कोण शिकवणार, हे त्यातून कळत नाही. युनेस्को आणि ओईसीडी (मुख्यतः विकसित देशांची संघटना) यांनी २००५ च्या मार्गदर्शक तत्त्वांतच सांगितलंय की विद्यापीठ पाठवणारा आणि घेणारा, दोन्ही देशांनी दर्जाची जबाबदारी घ्यावी. पण ते बंधनकारक नाही. माझं मत: दोघांच्या यंत्रणांनी एकत्र तपासणी करावी आणि अहवाल प्रवेशाआधी जाहीर करावा. कलमांची बाग गहाण टाकून फी भरणाऱ्याला तेवढा हक्क आहे.

सह्यकडा
अजिबात पटलं नाही. दर्जाचं ऑडिट करून अहवाल यूजीसीला द्यायची अट नियमांत आहेच. ब्रिटनची उच्चशिक्षणाचा दर्जा तपासणारी संस्था, क्यूएए, परदेशातल्या ब्रिटिश शिक्षणाची पाहणीही करते. त्यावर आपली आणखी एक समिती कशाला? फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्या कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या तपासणी समितीतल्याच लोकांना सीबीआयने लाचेच्या आरोपावरून अटक केली. त्या यंत्रणेवर मी पोराचं भवितव्य सोपवणार नाही.

हर्णै_बंदर
सह्यकडा, मी बोटीवर असतो, म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात देशाबाहेरची तपासणी नवी नाही. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू या आंतरराष्ट्रीय करारामुळे आमची सर्टिफिकेटं जगभर चालतात, पण युरोपची सागरी सुरक्षा संस्था एम्सा स्वतः त्या त्या देशात जाऊन ट्रेनिंग संस्था बघते. फिलिपिन्सला २००६ पासून त्रुटी दाखवत होते, तिथल्या सर्टिफिकेटांची युरोपातली मान्यता जायची वेळ आली. मग तिथल्या सरकारने हालचाल केली आणि २०२३ मध्ये मान्यता टिकली. नोकरी जाईल म्हटल्यावरच सुधारणा होते. नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांनी कोण हलतो?

खाडीपलीकडची
मी कोकणातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. परदेशी कॅम्पसची एवढी चर्चा, पण आपल्याच पदव्यांचं काय? भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन अकॉर्डचा, म्हणजे एकमेकांच्या इंजिनिअरिंग पदव्या मानण्याच्या देशोदेशींच्या कराराचा, पूर्ण सदस्य झाला, पण त्याचा फायदा एनबीएने (तांत्रिक अभ्यासक्रमांना मान्यता देणारी आपली संस्था) मान्यता दिलेल्या टियर-१ गटातल्या अभ्यासक्रमांनाच, म्हणजे स्वायत्त संस्था आणि विद्यापीठांचे विभाग. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजं टियर-२ मध्ये, ती करारात येत नाहीत. कोकणातली बरीचशी कॉलेजं संलग्नच आहेत. बाहेर पडल्यावर पोराला हे कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. आधी इथे लक्ष घाला.

गुहागरकर
ताई, हे प्रवेशाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर छापायला हवं. सह्यकडा, अटकेमुळे तर माझा मुद्दा पक्का होतो: अहवाल यूजीसीच्या फाइलीत राहिला तर गडबड झाली की नाही हे आपल्याला कधीच कळणार नाही. क्यूएएची पाहणीही देशवार असते, दरवर्षी प्रत्येक कॅम्पसची नव्हे.

सह्यकडा
अहवाल जाहीर करा, याला माझी ना नाही. नव्या समितीला आहे.