मदत हवी आहे: 'कलोनियल कझिन्स'वरच्या विकिपीडिया लेखासाठी टिकणारे संदर्भ कुठून मिळवावेत?

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियासाठी 'कलोनियल कझिन्स' या पॉप जोडीवर लेख लिहितेय. हरिहरन आणि लेस्ली लुईस. नव्वदीत ज्यांच्या घरी केबल होती त्यांना ओळख करून द्यायला नको. धूळपाटीवर (कच्च्या मसुद्याच्या पानावर) मजकूर बराचसा तयार आहे, घोडं अडलंय संदर्भांपाशी. एका जुन्याजाणत्या सदस्याने मसुदा वाचून चर्चा पानावर लिहिलंय की भाषा ठीक आहे, पण निम्मे संदर्भ उद्या कुणी हटकलं तर टिकायचे नाहीत. मला ते पटलं. म्हणून इथे विचारतेय.

जिथे अडचण नाही ते आधी सांगते. पहिला अल्बम १९९६ चा, जोडीच्याच नावाचा. १९९८ मध्ये 'द वे वी डू इट', २००१ मध्ये 'आत्मा', मग मोठा खंड आणि २०१२ मध्ये 'वन्स मोअर'. मधल्या काळात २००९ आणि २०१० मध्ये दोन तमिळ चित्रपटांना दोघांनी मिळून संगीत दिलं. हरिहरन यांच्या एकट्याच्या कामाला तर संदर्भ मुबलक आहेत. 'बॉर्डर'मधल्या गाण्यासाठी आणि आपल्या 'जोगवा'मधल्या 'जीव रंगला'साठी मिळालेले राष्ट्रीय पुरस्कार, २००४ ची पद्मश्री, या सगळ्याच्या सरकारी याद्या आहेत. त्या जोडल्या की विषय संपतो.

खरी गाठ पुढे आहे. "एमटीव्ही अनप्लग्डवर कार्यक्रम करणारे पहिले भारतीय कलाकार" हे वाक्य दिसेल तिथे सापडतं. गाण्यांच्या साइटवर, कार्यक्रमांच्या जाहिरातीत, अलीकडच्या बातम्यांतसुद्धा. पण शब्द तेच, शब्दांचा क्रम तोच, आणि एकाही ठिकाणी कोणत्या वर्षीचा भाग, कुठे चित्रित झाला, काही नाही. मला दाट संशय आहे की यातल्या बऱ्याच जणांनी ते इंग्रजी विकिपीडियावरून उचललंय. त्यांचाच दाखला मी मराठी लेखात दिला तर विकिपीडियाला विकिपीडियाचीच साक्ष होईल. बाहेरच्या देशात मिळालेल्या पुरस्कारांचंही तसंच. पुरस्काराचं नाव प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं आणि वर्ष गायब.

दुसरी गोष्ट श्रेयनामावलीची. घरी पहिल्या अल्बमची मूळ कॅसेट आहे. आतला घडीचा कागद उलगडला की घड्यांवर पांढऱ्या रेघा पडलेल्या, अक्षर इतकं बारीक की भिंगाशिवाय वाचता येत नाही, पण कोणी काय वाजवलं ते सगळं त्यात आहे. हा कागद थेट संदर्भ म्हणून देता येतो का? नेटवरच्या ज्या याद्यांमध्ये ही नावं मिळतात त्या कुणीही भरू शकतं अशा आहेत, म्हणजे त्या बाद. शिवाय स्ट्रीमिंग अ‍ॅपवर दिसणारं वर्ष कधीकधी पुनर्प्रकाशनाचं असतं, त्यावरही विसंबता येत नाही.

तिसरी गोष्ट सोलापूरकर म्हणून मला जास्त जवळची. त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं 'कृष्णा नी बेगने बारो' या व्यासतीर्थांच्या कन्नड पदावर उभं आहे. आमच्या गल्लीत निम्मी घरं कन्नड बोलणारी, त्यामुळे हे पद कुणाला नवीन नाही. व्यासतीर्थ म्हणजे विजयनगरच्या कृष्णदेवरायाचे गुरू, पुरंदरदासांचेही गुरू. त्यांच्यावर कन्नड आणि इंग्रजीत चांगले अभ्यासग्रंथ आहेत, पदाचा राग, मुद्रा (पदातली कवीची सही), परंपरा, सगळ्याला पानासकट दाखला मिळतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या पदाला भक्कम पुरावा आहे आणि १९९६ सालच्या गाण्याला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट आहे ही.

आणि याचं कारणही मला आता कळतंय. त्या काळी पॉप संगीतावर जे लिहून यायचं ते रविवारच्या आणि तरुणाईच्या पुरवण्यांत. शहरातल्या एका वाचनालयात मी १९९६ ते १९९८ चे मराठी अंक बघायला बसले. मुख्य अंक महिन्यावार नीट बांधून ठेवलेत, पुरवण्या मात्र बांधणीत घेतलेल्याच नाहीत. म्हणजे महापालिकेची सभा, यंत्रमागाचा संप, गड्ड्याच्या यात्रेची वाहतूक हे सगळं जपलं गेलं आणि गाण्याबजावण्याची पानं रद्दीत गेली.

तर जाणकारांनी मार्ग सुचवावा. "पहिले भारतीय" हा दावा तपासायचा कसा? कॅसेटचा कागद चालतो का? आणि पुरवण्या कुठे जपलेल्या असतील?

प्रतिसाद

ताई, विषय चांगला घेतलात. मी इंग्रजी आणि मराठी दोन्हीकडे संपादन करतो, तेव्हा क्रमाने नाही पण सुचेल तसं लिहितो.

गोल फिरणारा संदर्भ पकडायची एक साधी रीत आहे. इंग्रजी लेखाच्या इतिहासात ते वाक्य पहिल्यांदा कधी आलं ते शोधा. एकेक आवृत्ती उघडत बसू नका, 'विकिब्लेम' नावाचं साधन आहे, त्यात वाक्यातले चार शब्द टाकले की कोणत्या दिवशीच्या संपादनात ते घुसले ते सांगतं. मग तुमच्याकडच्या बातमीची तारीख बघा. बातमी त्या तारखेनंतरची आणि शब्द तेच असतील तर ती बाजूला ठेवा. आधीची असेल तर तिला किंमत आहे. विकिपीडिया सुरूच झाला २००१ मध्ये, त्यामुळे १९९६ ते २००० मधला कोणताही छापील मजकूर या चक्रातून आपोआप सुटतो. तुमचं सगळं लक्ष त्या चार-पाच वर्षांवर ठेवा.

'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाचे त्या काळातले अंक गुगल बुक्सवर पानन्‌पान वाचायला मिळतात, त्यात आशियाच्या संगीत व्यवसायाच्या बातम्या असायच्या. 'इंडिया टुडे'चा जुना संग्रहही ऑनलाइन आहे. शोधताना लेस्ली लुईस यांच्या नावाची स्पेलिंग बदलून बदलून बघा. त्यांचं नाव लेस्ली, लेस्ले आणि लेझ अशा तिन्ही तऱ्हांनी छापलं गेलंय आणि एकाने शोधलं की बाकीचे निसटतात. एखादा लेख अस्तित्वात आहे हे कळलं पण हाती लागत नसेल, तर इंग्रजी विकिपीडियावर स्रोत मागायचं एक पान आहे, तिथे लिहा. ज्याच्याकडे असेल तो पाठवतो. तुमच्या खात्याला सहा महिने आणि ५०० संपादनं झाली असतील तर विकिपीडिया लायब्ररीही उघडते, एरवी पैसे मोजावे लागतात असे कितीतरी संग्रह तिथे फुकट वाचता येतात.

कॅसेटचा कागद चालतो. तो प्रकाशित दस्तऐवज आहे. अल्बमचं नाव, कंपनी, क्रमांक आणि वर्ष द्या. फक्त त्यावरून कोणी काय वाजवलं एवढंच लिहायचं, "गाजला" किंवा "क्रांती केली" असं काही त्याच्या जिवावर लिहायचं नाही. वर्ष घेताना वर्तुळातला पी आणि वर्तुळातला सी वेगळे वाचा. पी ध्वनिमुद्रणाचा, सी छपाई आणि मुखपृष्ठाचा. नव्या छपाईत सी पुढचा आणि पी जुना असू शकतो.

"पहिले" या शब्दाबद्दल माझं मत कडक आहे. तेव्हाचा स्वतंत्र स्रोत मिळाला तर वाक्यातच त्याचं नाव घेऊन लिहा, "अमुक नियतकालिकाने १९९७ मध्ये लिहिल्याप्रमाणे" असं. नाही मिळाला तर नुसतं "कार्यक्रम केला" लिहा. कलाकाराने स्वतः मुलाखतीत सांगितलं म्हणून ते सिद्ध होत नाही, ते "हरिहरन यांच्या म्हणण्यानुसार" असंच यायला हवं.

प्रतिसाद

काय ओ ताई, सोलापूरचं कुणीतरी असं काम करतंय बघून लई बरं वाटलं.

पुरवण्यांचं तुम्ही बोललात ते अगदी खरं आहे. वाचनालयात नसल्या तरी घराघरांत आहेत की. पाककृती, शब्दकोडं, आरोग्याचा सल्ला यासाठी बायकांनी आणि निवृत्त मास्तरांनी पुरवण्याच्या पुरवण्या जपून ठेवल्यात. पाककृतीच्या मागच्या पानावर काय छापलंय ते कुणी बघत नाही. आमच्या आईच्या ट्रंकेत असा गठ्ठा आहे, दिवाळीत माळा साफ करताना काढतो आणि बघून कळवतो. हिराचंद नेमचंद वाचनालयात जुन्या मासिकांबद्दल पण एकदा विचारून बघा.

कन्नड मी वाचतो. व्यासतीर्थांवरचं पान पाठवा, मजकूर बरोबर उतरलाय का ते ताडून देतो. पण एक सांगू का? ते सगळं या लेखात घालू नका. पदाचा स्वतंत्र लेख करा आणि इथून दुवा द्या. पॉप जोडीच्या लेखात विजयनगर दोन परिच्छेद खाऊन बसलं तर वाचणारा गोंधळेल.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार.

काका, तुमचं पटलं. पदाचा भाग उद्याच वेगळा काढते, नव्या लेखाची सुरुवात तरी होईल. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि हरिदासांची, म्हणजे व्यासतीर्थ-पुरंदरदासांसारख्या कन्नड संतकवींची, विठ्ठलभक्तीही तिथलीच, त्यामुळे त्या लेखाला इथली माणसं हातभार लावतील अशी खात्री वाटते. मूळ लेखात पदाबद्दल एकच ओळ ठेवते, आणि व्यासतीर्थांवरच्या ग्रंथाचा दाखला फक्त "हे पद त्यांचं" एवढ्यापुरताच. त्या ग्रंथात १९९६ च्या गाण्याविषयी काही नाही, तेव्हा दोन्ही जोडून मी स्वतःचा निष्कर्ष काढणं हे मूळ संशोधन ठरेल, आणि ते विकिपीडियावर चालत नाही.

"पहिले भारतीय" हे वाक्य मसुद्यातून सध्या काढलंय. आता तिथे "एमटीव्ही अनप्लग्डवर त्यांचा कार्यक्रम झाला" एवढंच आहे आणि पुढे 'संदर्भ हवा' हा साचा लावलाय. पुरस्कारांचा तक्ताही उडवला. तेव्हाचा छापील पुरावा मिळेल तसा एकेक परत येईल.

एक विनंती सगळ्यांना. कुणाच्या गठ्ठ्यात यांच्यावरचं पान निघालं तर ते कापून किंवा स्कॅन करून पाठवायची गरज नाही. वृत्तपत्राचं नाव, आवृत्ती, तारीख, पान क्रमांक, मथळा आणि लेखकाचं नाव एवढं इथे लिहा. आवृत्ती विसरू नका, कारण पुणे आणि सोलापूर आवृत्तीत तोच मजकूर वेगळ्या पानावर, कधी वेगळ्या दिवशी येतो. मजकुरातलं कामाचं वाक्य शब्दशः उतरवून दिलंत तर फारच छान. दुवा नसला तरी चालतं, छापील संदर्भ विकिपीडियाला मान्य आहे.

आणि छायाचित्राचं राहिलं. कॅसेटच्या कव्हरवर कंपनीचा हक्क असल्याने ते कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवता येत नाही. यांच्या एखाद्या कार्यक्रमात कुणी स्वतः फोटो काढला असेल आणि तो मुक्त परवान्याखाली द्यायची तयारी असेल, तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. चढवायची पद्धत मी सांगते.