मदत हवी आहे: २०१४ च्या पेट्रोल स्विफ्टला घाटात जोर यावा म्हणून ३५ हजारांत काय बसवावे?

नमस्कार.

माझ्याकडे २०१४ सालची मारुती स्विफ्ट व्हीएक्सआय आहे, १.२ लिटर पेट्रोल, के सिरीज इंजिनाची. गाडी मूळची वडिलांची आहे. आतापर्यंत ती १ लाख १२ हजार किलोमीटर चालली आहे आणि नोंदणीची १५ वर्षे २०२९ मध्ये पूर्ण होणार असल्याने तोवर ती विकण्याचा विचार नाही. दर शनिवारी आई-वडील, पत्नी आणि मुलगी यांना घेऊन मी पुण्याहून पाचगणीजवळच्या गावी जातो. खंबाटकी ती चढते, परंतु सुरूर फाट्यावरून वाईकडे वळून पसरणीचा घाट सुरू झाला, की एखाद्या वळणावर समोरून एसटी आल्यामुळे वेग मोडला तर दुसऱ्या गिअरमध्येही गाडी पुन्हा वेग धरायला फार वेळ घेते. वडिलांना शेजारी बसून हे पाहताना वाईट वाटते, आणि मलाही वाटते.

या इंजिनाची कंपनीने दिलेली ताकद ६,००० आरपीएमला सुमारे ८७ अश्वशक्ती आणि ४,००० आरपीएमला ११४ न्यूटन मीटर टॉर्क अशी आहे. टर्बो नसल्यामुळे उंचीचा फटका थेट बसतो. पाचगणी सुमारे १,३०० मीटर उंचीवर आहे आणि तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा साधारण १२ टक्के विरळ असते, म्हणजे वरच्या टप्प्यात माझ्या हाती जेमतेम ७६-७७ अश्वशक्ती उरते. त्यात पाच माणसे, डिकीभर सामान आणि एसी. एवढे गणित मला मान्य आहे, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नाही.

गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये मूळ फिल्टरची पेटी काढून उघडा कोन फिल्टर बसवून घेतला. आवाज भारदस्त झाला आणि पहिले काही दिवस मला गाडी खरोखरच हलकी झाल्यासारखी वाटली. नंतर ओबीडी पोर्टला (गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या जोडणीला) ब्लूटूथचा स्कॅनर लावून मोबाइलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान पाहिले, तेव्हा मे महिन्यातल्या दुपारी वाकडच्या सिग्नलवर ते ६३ अंश दिसले. मूळ पेटी परत बसवल्यावर तशाच दुपारी, त्याच ठिकाणी ४४ अंश होते. मूळ पेटी बॉनेटच्या पुढच्या कडेजवळून बाहेरची हवा ओढते, उघडा फिल्टर मात्र रेडिएटरमागची तापलेली आणि म्हणून विरळ हवा ओढतो. एका सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० ते ८० वेग गाठण्याची वेळ तीन-तीनदा मोजली. मूळ फिल्टरवर सरासरी ९.६ सेकंद आली आणि कोन फिल्टरवर ९.९. तो फिल्टर आता माळ्यावर आहे.

म्हणूनच यापुढे मोजल्याशिवाय काही बसवायचे नाही असे ठरवले आहे. सध्या समोर असलेले पर्याय असे आहेत: मूळ पेटीतच बसणारा धुता येणारा कापडी फिल्टर, मागचा फ्री फ्लो (धुराला कमी अडवणारा) सायलेन्सर, ४-२-१ हेडर (चार सिलिंडरांचा धूर आधी दोन आणि मग एका नळीत आणणारा पाइपसंच) आणि इंजिनाच्या संगणकाचे रीमॅप (त्यातल्या इंधन आणि ठिणगीच्या सेटिंग बदलणे). इरिडियम प्लगने ताकद वाढत नाही, जुने प्लग झिजले असतील तर गमावलेली परत मिळते एवढेच, आणि ओबीडीमध्ये खोचायच्या स्वस्त ‘पॉवर चिप’वर माझा विश्वास नाही. चारही गोष्टी एकदम केल्यास खर्च ५० हजारांच्या वर जातो. त्यामुळे क्रम महत्त्वाचा आहे.

कॅटकॉन (धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही. गाडी बीएस ४ असल्याने पीयूसीत आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू असताना) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत यावे लागतात, आणि मुलगी ज्या हवेत शाळेत जाते तीच हवा आपण खराब करतो हेही आहेच. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. त्यामुळे हेडरबाबत मी साशंक आहे.

एक गोष्ट आणखी नोंदवतो. वडिलांनी चार वर्षांपूर्वी मूळचे १६५/८० आर१४ टायर बदलून अलॉय व्हील्सवर १९५/६५ आर१५ बसवले. त्याचा घाटातल्या जोराशी संबंध असेल का? या इंजिनावर वरीलपैकी काही बसवून आधी आणि नंतर डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) किंवा निदान घड्याळावर मोजले असेल, त्यांनी कृपया आकडे द्यावेत.

प्रतिसाद

आपण मोजमाप केले आहे हे पाहून फार बरे वाटले, कारण अशा प्रश्नांवर बहुतेक उत्तरे आवाजाच्या आधारे दिली जातात.

आपण शेवटी लिहिलेली टायरची गोष्ट मी सर्वांत आधी हाती घेईन. मूळ टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि आताच्याचा ६३४ च्या आसपास येतो, म्हणजे प्रत्येक गिअर जवळजवळ २.४ टक्के लांब झाला आणि चाकाशी पोहोचणारा जोर तेवढाच घटला. त्यातून अलॉय आणि रुंद टायर मिळून जड असतील तर वेग धरताना तेही नडते. स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनीच १८५/६५ आर१५ देत असे, त्याचा व्यास मूळच्या इतकाच आहे, त्यामुळे अलॉय ठेवूनही हे साधता येईल. कापडी फिल्टर याहून जास्त काही देईल असे मला वाटत नाही.

दुसरे म्हणजे, १ लाख १२ हजार किलोमीटर झालेल्या इंजिनात नवे काही जोडण्यापूर्वी जुने काय हरवले आहे ते शोधावे. आपल्याकडे स्कॅनर आहेच, तर फ्युएल ट्रिम पाहा, म्हणजे संगणक ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल सोडतो तो आकडा. आयडलला तो ठीक असेल आणि चढावर अर्ध्या ॲक्सिलरेटरवर १० टक्क्यांच्या वर जात असेल, तर टाकीतल्या इंधन पंपाचा दाब आणि त्याची गाळण्याची जाळी तपासा. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमुळे ट्रिम थोडा वर सरकतोच, तो हिशेबात धरा. कॅटकॉन चोंदल्याचा संशय असेल तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे दाबमापक लावावा. २,५०० आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब दिसला तर कॅटकॉन काढून टाकू नका, बदला.

रीमॅप हे सर्व झाल्यावर करावे. टर्बो नसलेल्या इंजिनावर चार-पाच अश्वशक्तींपलीकडे वाढ मी स्वतः पाहिलेली नाही, तीही वरच्या आरपीएमला. घाटात टॅकोमीटरचा काटा ३,००० च्या खाली येऊ न देणे आणि तीव्र वळणावर थोडा वेळ एसी बंद ठेवणे याला पैसे लागत नाहीत. काहीही बसवले तरी विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर दावा अडकतो.

मूळ लेखकाचा प्रतिसाद

मनःपूर्वक आभार. काल पसरणीत पत्नीने मोबाइल हातात धरून आकडे वाचले: आयडलला अधिक ४, पण चढावर तिसऱ्या गिअरमध्ये अधिक १७ पर्यंत. आज सकाळी मेकॅनिकने मागच्या सीटखालून पंप बाहेर काढला. जाळी मूळची पांढरी असावी, ती चहाच्या गाळणीसारखी तपकिरी झाली होती. पंप आणि जाळी बदलायला ७,४०० रुपये लागले. त्याच रस्त्यावर ४० ते ८० ची वेळ आता ८.९ सेकंद आहे आणि टायर अजून तेच आहेत. १८५/६५ चे चार टायर पुढच्या महिन्यात घेतो. त्यानंतर पाच माणसांनिशी पसरणी चढून इथे आकडे देतो, आणि तोवर रीमॅपचे पैसे बाजूला ठेवतो. कॅटकॉन शाबूत ठेवून हेडर बसवलेल्या कोणाकडे डायनोचे कागद असतील, तर ते मला अजूनही पाहायचे आहेत.