कोविडमधली सरकारी मदत: स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्या कारागिराने अर्ज करावा का?

डिचोलीचा वायरमन

नमस्कार. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात गेली १७ वर्षे मी घरगुती वायरिंगची, पंपांची आणि इन्व्हर्टरची कामे करतो. कोणाच्या नोकरीत नाही; काम मिळाले तर पैसे, नाही तर नाही. कोविडमुळे ज्यांचे उत्पन्न बुडाले अशा पारंपरिक व्यावसायिकांना आणि असंघटित क्षेत्रातल्या लोकांना राज्य सरकारने यंदा, २०२१ मध्ये, ५,००० रुपयांची एकवेळची मदत जाहीर केली आहे. त्या अर्जाचा कागद आठ दिवस माझ्या हत्यारांच्या पिशवीत घडी करून पडून आहे. मी निकषांत बसतो की नाही ते कार्यालय ठरवील. मला पडलेला प्रश्न त्याच्या आधीचा आहे: मी तो कागद भरून द्यावा का?

खरी परिस्थिती सांगतो. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत माझ्या वहीत एकाही कामाची नोंद नाही. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलच्या देखभालीचे बिल त्या मार्चपासून आजतागायत मिळालेले नाही. चतुर्थीआधीचा महिना म्हणजे आमची सुगी. पण त्या वर्षी लोकांनी घरांना रंग दिला नाही, नवे पॉइंट घेतले नाहीत, माटोळीवरही (गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या फळापानांच्या चौकटीवरही) जुनेच दिवे लावले. इथवर माझे नुकसान कोणीही मान्य करील.

पण १६ मे २०२१ रोजी, राज्यात कर्फ्यू चालू असतानाच, तौक्ते वादळ आले. झाडे विजेच्या तारांवर पडली, कित्येक ठिकाणी न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, तुटला, आणि ज्या घरांत २३० व्होल्ट यायचे तिथे ते ४०० च्या जवळ चढून फ्रिज, टीव्ही, मिक्सर एका क्षणात जळाले. खांबावरचे काम वीज खात्याचे असते, परंतु मीटरच्या अलीकडचे सारे आमच्यासारख्यांकडे येते. एरवी दोन महिन्यांत होतात तितकी कामे मी त्या तीन आठवड्यांत केली. दर एका रुपयाने वाढवला नाही, तरी पैसे मिळाले हे खरे. त्याच दिवसांत आमच्या वाड्यावरचा पायलट (भाड्याने मोटारसायकलवरून प्रवासी नेणारा) प्रवासी नाहीत म्हणून मोटारसायकलवर ताडपत्री घालून घरी बसला होता. त्याने आणि मी एकाच रांगेत उभे राहावे, हे मनाला पटत नाही.

आमचा भाग खाणींचा आहे. २०१२ साली खाणी थांबल्या, पुढे २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, आणि ट्रकमालकांसाठी सरकारी मदत आली तेव्हा खरोखर देशोधडीला लागलेले लोकही मी पाहिले आणि ज्यांचे काही अडले नव्हते तेही अर्ज हातात घेऊन उभे असलेले पाहिले. त्या दुसऱ्या लोकांविषयी तेव्हा मी घरी जे बोललो होतो, ते आज माझेच मला आठवते. "सगळेच भरतात, तूही भर" असे पंचायतीत एकाने सांगितले. मला हे कारण पुरेसे वाटत नाही. आपणांपैकी जे स्वतःचा धंदा करतात त्यांनी काय केले आणि का केले, ते कृपया सांगावे.

फोंड्याचा सुतार

भाऊ, तुमचा संकोच समजतो, पण मी अर्ज भरला आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आपल्यासारख्यांना सरकारचा पैसा घेताना भीक घेतल्यासारखे वाटते, कारण आपण प्राप्तिकर भरत नाही म्हणजे काहीच भरत नाही, असे आपल्या मनात कोणीतरी भरवून दिले आहे. माझेच पाहा. प्लायवूडवर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ २,००० रुपयांचे एक शीट आणले की ३६० रुपये कर जातो. वर्षाला शंभरेक शीट लागतात, म्हणजे नुसत्या प्लायवूडचे ३६,००० रुपये झाले. बिजागऱ्या, सनमायका, स्क्रू, पॉलिश वेगळेच. माझी उलाढाल लहान, त्यामुळे जीएसटीत नोंदणी नाही, आणि नोंदणी नाही म्हणून मोठ्या ठेकेदाराला जशी भरलेल्या कराची वजावट मिळते तशी मला मिळत नाही. गिऱ्हाइकाशी घासाघीस होते तेव्हा त्यातला काही भाग माझ्याच मजुरीतून जातो. वर्षानुवर्षे असा कर भरणाऱ्या माणसाने, सरकारच्याच आदेशाने काम बंद ठेवल्यावर, एकदा ५,००० रुपये मागितले तर त्यात काय चुकले?

"सरकारच्याच आदेशाने" हे शब्द मी मुद्दाम लिहितो. २०२० च्या मार्चमध्ये म्हार्दोळजवळच्या एका घरी सहा दरवाजांचे काम चालू होते. चार बसवले होते, दोन पॉलिशचा एक हात देऊन घोडीवर आडवे ठेवले होते. देशभर टाळेबंदी झाली, घरमालक मुंबईत अडकले, घराला कुलूप. जूनमध्ये कुलूप उघडले तोवर पावसाची ओल धरून दोन्ही दरवाजे वाकले होते. सागवान माझ्या पैशाने आणलेले होते. मी आजारी पडलो नव्हतो, आळस केला नव्हता, माझे काम वाईट नव्हते. सर्वांच्या जिवासाठी सर्वांना घरी बसवले ते योग्यच झाले; पण मग त्याचा भारही सर्वांनी थोडा थोडा उचलावा, इतकेच माझे म्हणणे आहे.

रंधा मशीनचे कर्ज होते, म्हणून बँकेची सवलतही घेतली. मार्च ते ऑगस्ट २०२० चे हप्ते पुढे ढकलता आले, पण व्याज थांबले नाही, हे मला उशिरा कळले. व्याजावरचे व्याज सरकारने नंतर परत केले, तरी मूळ व्याज अंगावर बसलेच आणि हप्ते लांबले. तेव्हा जी मदत परत करावी लागत नाही, ती आधी पाहावी.

स्विंडनचा सत्तरीकर

मी मूळचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला, वाळपईजवळचा. अनेक गोंयकारांप्रमाणे पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलो आणि आता स्विंडनमध्ये स्वतंत्रपणे प्लास्टरिंगची कामे करतो. इथे हाच वाद आमच्या साइटवर दीड वर्ष चालला, म्हणून लिहितो.

इथल्या सरकारने २६ मार्च २०२० रोजी स्वयंरोजगार करणाऱ्यांसाठी अनुदान जाहीर केले. मागच्या वर्षांच्या करविवरणपत्रांवरून सरासरी नफा काढायचा, तीन महिन्यांच्या नफ्याच्या ८० टक्के रक्कम द्यायची, कमाल ७,५०० पौंड. ज्याचा वार्षिक नफा ५०,००० पौंडांपेक्षा जास्त नाही आणि निम्मे तरी उत्पन्न स्वतःच्या धंद्यातून येते, त्यालाच ते मिळे. अर्ज केल्यावर पैसे आठवड्याभरात खात्यात आले, कारण आमचे आकडे करखात्याकडे आधीच होते.

अडचण पुढे आली. अनुदान घेऊनही काम चालू ठेवायला परवानगी होती, आणि इथली बांधकामे पूर्ण बंद कधीच नव्हती. धंद्याला झळ बसली आहे, एवढे अर्जदाराने स्वतः सांगायचे. किती झळ, हे पहिल्या दोन हप्त्यांना कोणी विचारले नाही. माझी पहिली दोन कामे रद्द झाली, सहा आठवडे घरी होतो, म्हणून पहिले अनुदान घेतले. दुसरे ७० टक्क्यांचे होते. तेही घेतले, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी मला त्याची गरज नव्हती. लोक घरीच असल्यामुळे घरे दुरुस्त करून घेत होते आणि माझ्याकडे डिसेंबरपर्यंत कामे लागलेली होती. कायद्याने मी चुकलो नाही. तरी माझ्याबरोबर काम करणारा एक रंगारी २०१९ च्या मध्यात स्वतंत्र झालेला होता. त्याचे विवरणपत्र नव्हते म्हणून त्याला तेव्हा एक पेनीही मिळाली नाही, आणि त्याच्यासमोर बसून जेवताना मला अवघडल्यासारखे होई. तिसऱ्या अनुदानापासून नफ्यात लक्षणीय घट होईल असे प्रामाणिकपणे वाटत असेल तरच अर्ज करा, अशी अट आली. मी अर्ज केला नाही. पाचवे अनुदान सप्टेंबर २०२१ अखेर संपले.

डिचोलीकर भाऊ, तुमचा संकोच मला मोलाचा वाटतो. मात्र तो वादळातल्या तीन आठवड्यांवर थांबू नये. सगळा काळ एकत्र मांडून बघा.

मडगावची हिशेबनीस

मी लहान व्यावसायिकांचे जमाखर्च लिहिते. या दीड वर्षात माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी "सरकारी मदत" या एकाच नावाने चार निरनिराळ्या गोष्टी विचारल्या, त्यामुळे आधी त्या वेगळ्या करते. पीएम स्वनिधीचे २०२०-२१ मधले १०,००० रुपये हे कर्ज होते. ते २४ मार्च २०२० पर्यंत धंदा करत असलेल्या पथविक्रेत्यांसाठी होते, वर्षभरात फेडायचे होते, आणि वेळेवर फेडल्यास व्याजावर ७ टक्के अनुदान होते. बँकेच्या हप्त्यांची सवलत म्हणजे नुसती मुदत. बांधकाम कामगार कल्याण मंडळाकडून मिळणारा लाभ हा बांधकामखर्चावरच्या १ टक्का उपकरातून येतो आणि तो नोंदणी केलेल्या कामगाराचा हक्क आहे. राज्याचे ५,००० रुपये मात्र निव्वळ साहाय्य आहे. संकोच करायचाच असेल तर तो फक्त या शेवटच्या बाबतीत समजू शकते. मंडळाच्या पैशाबाबत संकोच करणारा माणूस स्वतःच्या घामाचेच पैसे सोडून देतो.

स्विंडनकरांच्या लिखाणातली एक गोष्ट मला फार लागली. तिथे आकडे आधीच सरकारकडे होते. आपल्याकडे कारागीर बिल देत नाही, रोखीने घेतो, वहीत अर्धेच लिहितो. चांगल्या दिवसांत ते सोयीचे वाटते, आणि वाईट दिवस आले की आपले काय बुडाले हे दाखवायला त्याच्याजवळ एक कपटाही नसतो. तुमच्याकडे वही आहे. मार्च ते ऑगस्ट २०१९, तेच महिने २०२० चे, आणि मे-जून २०२१, असे शेजारी शेजारी लिहा. सामानाचा खर्च वजा करा. उत्तर कागदावर येईल, आणि ते आले की पंचायतीत कोण काय म्हणाले याला अर्थ उरणार नाही.

आणखी एक. सतरा वर्षांचा धंदा म्हणजे तुमच्या हाताखाली एखादा मुलगा असणारच. त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. नव्या इमारतींच्या वायरिंगवर तो वर्षात ९० दिवस भरत असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर मंडळात त्याची नोंद होऊ शकते का ते विचारा. ऑगस्ट २०२१ पासून ई-श्रम पोर्टलही (असंघटित कामगारांच्या नोंदणीचे सरकारी संकेतस्थळ) सुरू झाले आहे. १६ ते ५९ वर्षांच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या असंघटित कामगाराची तिथे विनामूल्य नोंद होते आणि सध्या, २०२१ मध्ये, नोंदीबरोबर २ लाखांचा अपघात विमा मिळतो. शिडीवर चढणाऱ्या मुलासाठी ते आजच करण्याजोगे आहे.

शिरोड्याची वहिनी

मी स्वतः कारागीर नाही. माझे यजमान रंगारी आहेत. वर सगळे "मी घ्यावे का, मी घेऊ नये का" असे लिहितात, म्हणून घरातल्या बाजूने लिहिते.

यजमानांनी कोणताही अर्ज करायचा नाही असे ठरवले होते. हात धड आहेत तोवर कोणापुढे पसरणार नाही, हे त्यांचे वाक्य. माणूस अतिशय सरळ आहे आणि त्या वाक्याचा मला अभिमानही होता. पण २०२० च्या एप्रिल, मे आणि जूनमध्ये माझ्या जनधन खात्यात दरमहा ५०० रुपये आले, रेशनवर माणशी ५ किलो धान्य जादा मिळाले, आणि तेवढ्यावर घर चालले. त्यासाठी आम्हाला अर्ज करावा लागला नव्हता, म्हणून त्यांचा अभिमान शाबूत राहिला. मुलगी दहावीला गेली, शाळा फोनवर सुरू झाली, घरात एकच साधा फोन. तेव्हा माझ्या दोन बांगड्या सोसायटीत गहाण ठेवल्या. त्यातली एक अजून सुटलेली नाही.

मी त्यांना दोष देत नाही. भाऊ, इतकेच सांगते, की हा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. वहिनींना विचारा. वादळातले पैसे कुठे गेले, हे तुमच्या वहीपेक्षा त्यांना अधिक ठाऊक असेल: कोणाची उधारी फेडली, कोणते औषध आणले, काय पुढे ढकलले. तुम्ही पायलटाचा विचार केलात तो चांगलाच केलात. पण तुमच्या अर्जामुळे त्याचा अर्ज मागे पडत नाही ना, हे कार्यालयात विचारल्यावर कळेल. मनात धरून बसल्याने त्याचेही भले होणार नाही.

डिचोलीचा वायरमन

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही दोघांनी बसून वही मांडली. २०१९ च्या मार्च ते ऑगस्टमध्ये सामान वजा जाता १,३८,००० रुपये उरले होते. २०२० मध्ये त्याच सहा महिन्यांत ४१,०००. वादळानंतरच्या तीन आठवड्यांत उरले ३४,०००, आणि सौभाग्यवतींनी सांगितले की त्यातले २२,००० पावसाआधी दुकानदाराच्या उधारीत गेले. मला ते आठवतही नव्हते. अर्ज भरतो आहे. वादळातल्या कमाईविषयी कोणी विचारले तर वही दाखवीन. पायलटाचा अर्जही अजून गेलेला नव्हता. त्याला आधार कार्डावरचा पत्ता बदलून घ्यायचा होता, सोमवारी आम्ही दोघे एकत्रच जाणार आहोत.

हिशेबनीस ताईंनी माझ्या हाताखालच्या मुलाबद्दल विचारले, त्याने मी खजील झालो. तो माझ्याकडे सहा वर्षे आहे आणि त्याच्या हजेरीची वेगळी नोंद मी कधी ठेवली नाही. आज सकाळपासून जुन्या वह्यांतून त्याचे दिवस वेचून लिहितो आहे. २०१९ साली २४६ भरले होते. २०२० साली १३१. २०२१ ची पाने अजून बघायची आहेत.