मदत हवी आहे: जुन्या लायलॅकपासून नवीन रोप कसं करायचं? (रॉचेस्टर, न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी, आमच्या भाड्याच्या घरामागे एक जुनं लायलॅक (सुवासिक फुलांचं झुडूप) आहे, दहा-बारा फूट तरी असेल, आणि मेमध्ये फुललं की घरभर घमघमाट. इथल्या हायलंड पार्कात लायलॅकच्या पाचशेच्या वर जाती आहेत, फेस्टिवलला जाऊन बऱ्याच हुंगून झाल्या पण मला आपला हाच वास हवाय. पुढच्या वर्षी स्वतःच्या घरात जातोय आणि मालकीणबाई म्हणाल्या हवं ते काढून ने, पण जात कुठली ते त्यांनाही माहीत नाही.

तर बुंध्याभोवती खूप सकर्स (मुळांतून फुटलेले कोंब) आलेत, गुडघ्याएवढे. तेच खणून न्यायचे की कटिंग लावायचं? नर्सरीत विचारलं तर म्हणे झाड कलमी असेल तर सकर्स भलत्याच झाडाचे निघतात, हे ओळखायचं कसं? शिवाय गेल्या ऑक्टोबरला लॉनवाल्याने न विचारता एक बाजू सपाट कापली, त्या बाजूला यंदा एक फूल नाही, तिथे काही रोग असेल तर रोपातही जाईल का? ऑगस्टमध्ये पानांवर भुरी (पांढरी बुरशी) पण येते. (आई विचारतेय नाशिकला लावता येईल का, तेही सांगा म्हणजे तिला एकदाचं उत्तर देता येईल.)

मातीचे_हात: रोग नाही हो ताई. लायलॅक जुन्या लाकडावर फुलतं, पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, ऑक्टोबरला कापलं म्हणजे कळ्याच कापल्या. छाटणी फुलं संपली की लगेच, नंतर कात्री लावू द्यायची नाही कोणाला. भुरीने पानं वाईट दिसतात, झाड सहसा मरत नाही.
कलमी आहे का ते बुंध्याशी माती उकरून बघा, जोडाची गाठ दिसते का. सकर्सची पानं हृदयाच्या आकाराची नसून बारीक, लांबट असतील तर ते प्रिव्हेट (कुंपणाचं झुडूप, लायलॅकचं कलम कधीकधी त्यावर बांधतात), सोडून द्या. पण खुंट (ज्यावर कलम बांधलंय ते खालचं झाड) लायलॅकचाच असेल तर पानांवरून काही कळणार नाही.

मिशिगनकर: कटिंगच्या नादी लागू नका असं माझं मत. फुलं संपताना कोवळी फांदी घ्या, रूटिंग हार्मोन (मुळं फुटायचं औषध) लावा, वर प्लास्टिक, रोज दमटपणा सांभाळा, तरी बरीच सडतात. सकर लवकर वसंतात, पानं फुटायच्या आधी, स्वतःच्या मुळांसकट काढा. सहा तास तरी ऊन आणि पाणी न साचणारी जागा द्या, लॉनचं नायट्रोजनवालं खत जवळ नको, नुसती पानं वाढतात. फुलाला तीन-चार वर्षं धरून चाला, कधी जास्तच.
आईंना सांगा नाशिकची थंडी पुरत नाही, याला कडक हिवाळा लागतो.

मूळ लेखिका: गाठ दिसत नाहीये पण खात्रीही वाटत नाही. मग दाब कलम केलं तर? वरचीच फांदी असल्यामुळे वास तोच राहील ना?

मातीचे_हात: हो, तोच. वसंतात खालची लवचिक फांदी वाकवा, मातीत जाणाऱ्या भागाला खालून थोडी खाच द्या, पुरा आणि वर वीट ठेवा. शेंडा बाहेर राहू दे, माती कोरडी पडू देऊ नका. मुळं धरायला एक सीझन तरी लागतो, त्यामुळे घर बदलायच्या आधीचा वसंत चुकवू नका. आणि सोबत दोन सकर्सही न्याच, फुकट आहेत.